बोटाचं रक्त

मंगळवार पेठ, कोल्हापूर
३ सप्टेंबर १९७८

मदिनाच्या अब्बांस,

रोशनबीचा सलाम. घ्यायचा तर घ्या, न्हायतर ठेवा बाजूला. आठ वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली न्हाय, आणि आज बी माझ्यासाठी लिहीत न्हाय. पत्र फाडायचं असलं तर शेवटपर्यंत वाचून फाडा.

मदिना माझ्याकडं बाळंतपणाला आलीया. पहिलटकरीण, नववा लागलाय. तुमचा जावई दिलदार शिरोलीला फाउंड्रीत साचे भरतो. तुम्ही त्याला बघितलंच न्हाय, लग्नाला आला असता तर बघितलं असतं. पोरगा चांगला हाय. मागच्या आठवड्यात मदिनाच्या हिरड्यातनं रक्त यायला लागलं म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं. नेजदार डॉक्टरीणबाई हाईत तिथं, त्यांनी रक्त तपासून आणायला सांगितलं. रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

मला म्हणाल्या, "रोशनबी, रक्तात बारीक कण असतात. कुठं जखम झाली की तेच रक्त थांबवतात. ते दीड लाखाच्या वर पाहिजेत. हिचे चाळीस हजार निघालेत."

मी म्हटलं, "मग?"

"मग बाळंतपणात रक्त सुरू झालं की थांबणार कसं?"

मी तिथंच बाकावर बसले. इतकी वर्षं बायकांच्या हातात बांगड्या भरते. काच लागून किती जणींचं रक्त आलं असंल. बोट दाबून धरलं की थांबायचं, दुसऱ्या बांगडीला हात पुढं यायचा. रक्त थांबतच न्हाय म्हणजे काय, हे मला कळंना. डॉक्टरीणबाईंनी परत समजावून सांगितलं तेव्हा कळलं.

त्या म्हणतात, तसल्या वेळेला बाटलीत ठेवलेलं जुनं रक्त उपयोगाचं न्हाय. ताजं पाहिजे, ताज्या रक्तातच ते कण जिवंत असतात. देणारा माणूस त्या दिवशी दवाखान्यात येऊन बसलेला पाहिजे, तरच मी ही केस हातात घेते. आणि मदिनाचा गट ओ निगेटिव्ह. लई कमी लोकांचा असतो म्हणे. माझा जुळत न्हाय, दिलदारचा जुळत न्हाय. तुमचा जुळतो. मला ठाऊक हाय, कारण पासष्टच्या लढाईत पेठेतल्या पोरांनी शिबिर भरवलं तेव्हा तुम्ही रक्त देऊन आलता आणि महिनाभर गल्लीत सांगत फिरलता की माझं रक्त सगळ्यांपेक्षा वेगळं हाय, डॉक्टरनं उठून हात मिळवला. मी तेव्हा हसायची.

तर या. मलकापूरच्या तुमच्या दुसऱ्या घरात काय सांगायचं ते सांगा. माल आणायला जातो म्हणा. माझ्या घरात पाय टाकू नका पाहिजे तर, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसा. मी तुमच्याशी बोलणार बी न्हाय.

पोष्टानं पाठवलं तर भलत्याच हातात पडंल, म्हणून मलकापूर गाडीच्या पिराजी कंडक्टरजवळ देतेय. त्याला बजावलंय, शमशुद्दीन मणेराच्याच हातात दे, दुसऱ्या कुणाच्या न्हाय.

रोशनबी


मंगळवार पेठ
९ सप्टेंबर १९७८

मदिनाच्या अब्बांस,

पिराजी म्हणाला, तुम्ही दुकानात बांगड्या मांडत बसलता. पत्र घेतलंत, वाचलंत, खिशात घातलंत आणि त्याला चहा पाजलात. चहा कसला पाजता? हो का न्हाय, एवढं कागदावर लिहायला काय झालं होतं तुमच्या हाताला?

काल परत रक्त तपासलं. दवाखान्यासमोर माडीवर लॅब हाय, तिथं शिवमूर्ती म्हणून एक लिंगायताचा पोरगा बसतो. पहिल्या वेळेलाच तो म्हणालता, दंडाला रबर बांधून कोपरातल्या शिरेतलं रक्त घेतो. पण मदिनाची सासू खतिजाबी मधी पडली. तिची थोरली सून दोन वर्षांमागं गेली, पोटुशीच होती. दवाखान्यात सिरिंज भरून रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. त्यानंच गेली का आणखी कशानं, ते अल्लाला ठाऊक, पण खतिजाबीच्या डोक्यात तेच बसलंय. म्हणते, शिरेतलं रक्त बाळाच्या वाटणीचं असतं. बोटाचं थेंबभर घ्यायचं तर घ्या, न्हायतर आम्ही चाललो. आता विहिणीबाईपुढं मी काय बोलू? खरं सांगायचं तर ती सुई बघून मी बी भ्याले. मी बी म्हटलं, बोटाचंच घे रे बाबा.

त्यानं बोट टोचलं, पण रक्त येतंय कुठलं. पोरीचे हात सुजून टम्म झाल्यात, बोटं निळी आणि गार. त्यानं दाबलं, पिळलं, तरी येईना. परत टोचतो म्हणाला तशी मदिना रडायला लागली. मग मी पुढं झाले. म्हटलं, आण इकडं, हात कसा धरायचा ते मला शिकवू नको. मनगटापासनं खाली चोळत चोळत आणलं आणि पेर दाबून धरलं, तेव्हा कुठं त्याची ती बारीक काचेची नळी भरली. शिवमूर्ती म्हणाला, "मावशी, लई वेळ लागला हो." मी म्हटलं, आलं न्हवं, मग गप मोज.

आज रिपोर्ट आला. सव्वीस हजार.

कमी झालं. आठवड्यात एवढं कमी झालं. डॉक्टरीणबाई माझ्याकडं न बघता बोलत होत्या. मी त्यांना म्हटलं, माणूस येतोय, मलकापूरहून निघालाय. तुमची अब्रू झाकली मी, मदिनाच्या अब्बा. कशाला झाकली ते मला बी ठाऊक न्हाय.

तिच्या सातव्याला तुम्ही न्हवता. हिरवा चुडा मीच भरला, दोन्ही हातांत. अंगासरशी बसवला, सूतभर हलत न्हाय. जमलेल्या बायका बघत राहिल्या. ढिली बांगडी भरली तर मणेराची लाज जाते, हे तुम्हीच मला शिकवलंत, लग्नानंतर पहिल्या वर्षी, माझाच हात धरून. तेवढं मात्र मनापासून शिकवलंत. या वेळी बापाचं काम करायला या.

रोशनबी


मंगळवार पेठ
१४ सप्टेंबर १९७८

"बघतो."

तुम्ही पिराजीला म्हणालात, बघतो म्हणून सांग तिला. काय बघता? जनाजा बघता?

मी हे लिहायला नको होतं. कागद एकच हाय घरात, म्हणून फाडत न्हाय.

कालचा रिपोर्ट पंधरा हजार. या खेपेला बी मीच पोरीचा हात धरून बसले होते, लई चोळावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, इतक्या कमीवर मी हात लावू शकत न्हाय, मिरजेला न्या. मिरजेला फोन केला तर ते म्हणाले, आणा, पण रक्त देणारा संगट आणा. फिरून सगळं तुमच्यापाशीच येतंय. दिलदारनं फाउंड्रीत सगळ्यांपुढं हात जोडले. चौघंजण पाळी सोडून आले, भट्टीवरनं तसेच, तोंडं काळी. कुणाचाच गट जुळला न्हाय. परक्याची पोरं आली, हे वाचताय न्हवं तुम्ही?

मदिना शहाणी पोरगी, तिला कुणी काय सांगितलं न्हाय तरी तिला सगळं कळलंय. काल दुपारी ट्रंक उघडून बसली. म्हणते, "अम्मा, ही लाल साडी तू ठेव. ही धाकट्या नणंदेला. आणि पोरगी झाली तर तुझ्याजवळच ठेव, तिकडं देऊ नको." मी तिच्या थोबाडीत मारली. नऊ महिन्यांच्या पोटुशी पोरीला मारलं मी. मग ती मलाच जवळ घेऊन समजूत घालायला लागली. आम्ही दोघी त्या ट्रंकेपाशी बसून रडलो, आणि बाहेर गिऱ्हाईक बांगड्या मागत उभं.

मी चिडून लिहिते म्हणून तुम्ही येत न्हाय का? तर ऐका, चिडत न्हाय. आठ वर्षांत जे झालं ते मी तोंडातनं काढणार न्हाय. तुमच्या तिचं नाव काढणार न्हाय. तिला पाहिजे तर घेऊन या, मी जेवायला वाढीन. आणखी काय करू? तुमच्या दारात येऊन बसू? आले असते, पण पोरीला सोडून मला तासभर बी हलता येत न्हाय. रक्त दिल्यानं माणूस मरत न्हाय, मी विचारून घेतलंय. तुमची ताकद जाणार न्हाय. एक दिवस द्या.

अंगावर कुठं लाल ठिपके आलेत का, म्हणून डॉक्टरीणबाईंनी आज तिचे हातपाय परत तपासले. एक बी न्हाय. त्या जरा विचारात पडल्यासारख्या झाल्या. चांगलं का वाईट, मी विचारलं न्हाय, धीर झाला न्हाय.

रोशनबी


१८ सप्टेंबर १९७८

लगेच या. आठ हजारावर आलंय. डॉक्टरीणबाईंनी हात टेकले. मदिना सारखं तुमचं नाव घेतीया. पिराजीला गाडीपाशी थांबवून लिहितेय, जास्त लिहायला वेळ न्हाय. जिवंत बघायची असली तर या.

रोशनबी


मंगळवार पेठ
२२ सप्टेंबर १९७८

मदिनाच्या अब्बांस,

अठरा तारखेची चिठ्ठी खोटी होती.

आठ हजार हा आकडा मी मनानं घातला. ती चिठ्ठी लिहिली त्याच्या आदल्या दिवशीच मला कळलं होतं की पोरीला काय झालेलं न्हाय. सगळं सांगते. रागवायचं ते सगळं वाचून झाल्यावर रागवा.

लाल ठिपके न्हाईत म्हणून डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या, ते मी लिहिलंच होतं. त्या म्हणाल्या, पंधरा हजार असते तर अंगावर दिसलं असतं, नाकातनं आलं असतं. हिरड्यांचं काय, पोटुशी बाईच्या हिरड्या सुजतातच. त्यांनी आम्हाला पट्टणशेट्टी डॉक्टरांकडं पाठवलं. म्हातारा माणूस, जन्मभर रक्तच तपासत बसलाय. खतिजाबी बी आली होती संगट.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी मदिनाचा हात हातात घेतला. बोटं बघितली, नखं दाबली. मला म्हणाले, "हा चुडा कधी भरला?"

"सातव्यात."

"तेव्हा हात एवढा सुजला होता?"

"न्हाय."

"मग आता हाताला फास लागलाय, दिसत न्हाय तुम्हाला?"

मला कसं दिसावं? मला तो चुडा दिसत होता. किती बेताचा बसलाय, एवढंच मी रोज बघत होते.

मग त्यांनी शिवमूर्तीकडनं आधीची काच मागवली. त्याच बोटाच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून ठेवला होता त्यानं. दुर्बिणीखाली धरली, लई वेळ बघितलं. मला म्हणाले, या, बघा. मी डोळा लावला. काचेच्या कडेला बारीक बारीक दाणे एकमेकाला धरून बसले होते, भिजवलेला साबुदाणा चिकटतो तसे. म्हटलं, हे काय?

"हेच तुमच्या पोरीचे कण. आहेत सगळे, कुठं गेले न्हाईत. रक्त आपोआप थेंबानं आलं पाहिजे. हात आवळलेला असला, बोट पिळून पिळून काढलं, तर आधी मांसातलं पाणी येतं त्यात. आणि वेळ लागला की हे कण जखमेपाशीच चिकटून गठ्ठे करतात. मोजणारा सुटे मोजतो. गठ्ठ्यात किती गेले ते त्याला कसं कळणार?" मग म्हणाले, "पिळलं कुणी?"

मी म्हटलं, "मी."

त्यांनी काच उचलून बाजूला ठेवली. मला वाटलं होतं रागवतील. रागवले असते तर बरं झालं असतं.

मदिनाच्या अब्बा, शिवमूर्तीचं मोजणं बरोबर होतं, थेंबच चुकीचा होता. मी जितका जीव लावून चोळत होते, तितकं पोरीचं रक्त कागदावर कमी होत होतं. आणि त्या कागदाला घाबरून मी आणखी जोरानं चोळत होते.

डॉक्टर म्हणाले, बांगड्या काढा, हात मोकळा करा, आणि कोपरातल्या शिरेतनं रक्त घेऊ या, एका दमात. खतिजाबी उठून उभी राहिली. नवव्या महिन्यात हिरवा चुडा उतरवायचा? नवरा जिवंत असताना? आणि वर सिरिंज? तिनं मदिनाचा दंड धरला, चल घरी म्हणाली. बाई वाईट न्हाय हो. तिनं एक सून पुरलीय, ती घाबरलीया. पण मला त्या वेळेला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "खतिजाबी, तुमची सून गेली, माझी लेक अजून हाय. हात सोडा तिचा." तिनं सोडला.

साबण लावून बघितलं, निघंनात. मग मी फडकं गुंडाळलं. आमच्या धंद्यात फुटल्या म्हणायचं न्हाय, वाढवल्या म्हणायचं, हे गल्लीतलं शेंबडं पोर बी सांगंल. पण खरं सांगते, मी फोडल्या. एक एक करून. जन्मभर ज्या हातानं भरल्या त्या हातानं माझ्या लेकीचा मनगटभर चुडा फोडला आणि मदिना माझ्या तोंडाकडं बघत बसली होती. रडली न्हाय. शेवटची गेल्यावर तिनं मूठ उघडली-मिटली आणि म्हणाली, "अम्मा, बोटांत मुंग्या येत होत्या, त्या थांबल्या." एवढे दिवस मुंग्या येत होत्या आणि पोरीनं सांगितलं न्हाय. का, तर अम्मानं हौसेनं भरलाय.

रक्त घ्यायला किती वेळ लागला म्हणता? खतिजाबीनं डोळे मिटून दुवा सुरू केली, ती संपायच्या आत झालं. त्याच शिवमूर्तीनं मोजलं, डॉक्टरांनी परत मोजून बघितलं. सतरा तारखेला रिपोर्ट हातात आला. एक लाख नव्वद हजार.

आता ती चिठ्ठी. त्या दिवशी घरात आनंदीआनंद झाला. दिलदार पेढे घेऊन आला, खतिजाबीनं माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं. सगळी पांगल्यावर मदिना अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली, "मग आता अब्बा यायचे न्हाईत व्हय गं?"

म्हणजे पोरगी इतके दिवस मरायला घाबरत होती आणि मनात कुठंतरी ह्याचीच वाट बघत होती, की ह्या निमित्तानं तरी बाप येईल. दुसऱ्या दिवशी पिराजीची गाडी दिसली आणि मी ती चिठ्ठी लिहिली.

तेव्हापासनं माझ्या जिवाला घोर लागलाय. पोटच्या पोरीचं मरण मी आपल्या हातानं कागदावर लिहिलं. तिचे दिवस भरलेत, आज-उद्या कळा सुरू होतील. असलं लिहिलेलं खरं झालं तर? डॉक्टरांचा रिपोर्ट चांगला हाय, मला समजतंय सगळं, पण रात्री उठून उठून तिचा श्वास चाललाय का बघते. म्हणून हे पत्र. ती चिठ्ठी चुलीत घाला. आधी चुलीत घाला, मग बाकीचं काय ते करा.

तुमच्या रक्ताची आता गरज न्हाय. गरज न्हाय म्हणून येऊ नका, असं मात्र मी म्हणत न्हाय. काय म्हणायचं ते तुम्हाला कळतंय. तुम्ही काय दूधपितं पोर न्हाय.

रोशनबी


दवाखाना
२४ सप्टेंबर १९७८

मदिनाच्या अब्बांस,

वरचं बावीस तारखेचं पत्र काल पिराजीनं तसंच परत आणून दिलं. म्हणाला, चाची, दुकानाला कुलूप हाय. शेजारी म्हणतात, शमशुद्दीनचाचा सकाळच्या पहिल्या गाडीनं कोल्हापूरला गेले. हातात पिशवी बी न्हवती.

तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी होते. मदिनाला पहाटेच कळा सुरू झाल्या होत्या, डॉक्टरीणबाईंनी तिला आत घेतलं होतं. मी पत्र हातात धरून जिन्यावरनं खाली गेले, फाटकापर्यंत गेले, रस्त्याच्या दोन्ही बाजूला बघून आले. कुठं दिसला न्हाईसा. मला वाटलं, माझं खोटं कुणाकडनं तरी कळलं आणि रागानं निघून गेलात. तेवढ्यात वरनं हाक आली.

पोरगी झाली. मदिना खुशाल हाय. चार बायकांचं जातं तेवढंच रक्त गेलं आणि थांबलं. थांबलं, मदिनाच्या अब्बा. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, थांबलं बरं का. मी तिथंच खाली बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. पोरीचं नाक तुमच्यावर गेलंय, नशीब तिचं.

आज संध्याकाळी एक बाई मला शोधत आली. उन्हानं रापलेली, पदर डोक्यावर, हातात नारळ आणि साखरेचा पुडा. धोंडुबाई नाव सांगितलं, शिरोलीपल्याडची. तिचा पोरगा बाळासो तिथल्या एका कारखान्यात कामाला हाय. काल सकाळी यंत्रात त्याचा हात गेला, कोपरापर्यंत. ह्याच दवाखान्यात आणला तेव्हा सगळं अंग पांढरं पडलं होतं. गट तपासत बसायला वेळ न्हवता. ती म्हणाली, "तेवढ्यात एक पावणं आलं देवासारखं. रक्त द्यायलाच आलतं. त्यांचं रक्त कुणाला बी चालतं म्हणं. माझं पोरगं आज डोळं उघडून बोललं, आये म्हणाला. त्या पावण्यांचं नाव मणेर, आणि त्यांची लेक हितं बाळंतपणाला हाय, असं नर्सनं सांगितलं. कुठं हाईत ते?"

मी खाली रक्त घेतात त्या खोलीत गेले. तिथल्या माणसाला विचारलं. म्हणाला, व्हय, शमशुद्दीन मणेर, मलकापूर. तुमच्या लेकीला रक्ताची गरज न्हाय, तिचा रिपोर्ट चांगला हाय, असं डॉक्टरीणबाईंनी स्वतः त्यांना सांगितलं. तरी ते हलले न्हाईत. बाहेर त्या बाळासोला आणलेलं बघितलं आणि बाही वर करून म्हणाले, आलोय तर घ्या, ताजं हाय. रक्त दिल्यावर चहा दिला तो प्याले न्हाईत. मागच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बराच वेळ बसले होते. वर बाळ रडल्यालं ऐकू आलं तेव्हा उठले. आम्हाला वाटलं, वर गेले.

तुम्ही वर आला न्हाईसा.

मी फसवलं म्हणून गेलात, का तोंड दाखवायला लाज वाटली, ते तुम्हालाच ठाऊक. मी विचारणार न्हाय. रक्त देऊन आणि उपाशीपोटी एसटीत बसून तेवढं लांब परत गेलात, एवढं मात्र बोलते. ह्या वयात चक्कर येऊन पडला असता म्हणजे?

धोंडुबाई वर येऊन मदिनाच्या खाटेपाशी उभी होती. बाळाच्या हातात तिनं बोट दिलं होतं. मला बघून म्हणाली, "गावले का हो पावणं? मला पाय धरायचं हाईत त्यांचं." मदिना माझ्याकडं बघत होती. तिला तोवर ठाऊक न्हवतं तुम्ही आलता म्हणून.

मी काय म्हणायला पाहिजे होतं, सांगा. मी म्हटलं, "हाईत की. चहा प्यायला खाली गेल्यात."

धोंडुबाई अंधार पडेपर्यंत थांबली. मग तिचा पोरगा हाक मारतोय म्हणून बोलावणं आलं, तशी गेली. उद्या सकाळी परत येणार हाय. मदिना उशाशी उठून बसली होती, दाराकडं तोंड करून. अजून तशीच हाय.

पिराजी उद्या पहिल्या गाडीनं तुमच्याकडं येतोय. हे वाचलंत की त्याच्याच गाडीनं परत निघा.

रोशनबी